जागेश्वरची लगीनघाई

"नाव देऊन आलो," चप्पल काढता काढता जागेश्वर म्हणाला. "समाजाच्या मांडवात. रुचीचं लग्न याच महिन्यात."

सुशिलाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"याच महिन्यात? अजी, पोरीचं नर्सिंग पुरं व्हायचं आहे. पुढच्या साली ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. आता याच महिन्यात. बिरसीवाले पाहुणेही हो म्हणाले."

"अन् आपल्या दारचा मांडव?"

"कायले पाहिजे मांडव? समाज सगळं करून राहिला. जेवण, भटजी, बँडबाजा. आपण फक्त पोरगी न्यायची."

आता ऐका. हाच जागेश्वर गेल्या साली चारचौघांत बोलला होता, की सामूहिक विवाहात पोरगी उजवणारा बाप म्हणजे हातपाय गाळलेला बाप. एकुलती एक पोर माझी, कामठ्यात कोणी पाहिलं नसेल असं लग्न लावीन, म्हणून मिशीवर ताव देत होता. तो गडी आपण होऊन रांगेत उभा राहतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय.

कुठं मुरतंय, ते सुशिलाबाईला तिथल्या तिथं कळलं.

शाळेतलं ते आरोग्य शिबिर! तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांची तोंडं तपासायला गोंदियाहून डॉक्टर आले होते. गावची आशा सेविका प्रेमिला घरोघरी जाऊन माणसं गोळा करत होती. जागेश्वर काही हलेना, तेव्हा सुशिलाबाईनंच त्याला ओढत नेलं. प्रेमिलानं मग तिलाही सोडलं नाही. "काकू, तुमीही चला, बायांचं पण आहे," म्हणत पडद्याआड नेलं. तिथल्या तरण्या डॉक्टरीणबाईनं नाव विचारलं, गाव विचारलं, तपासलं, सुई टोचली. सुशिलाबाईला या नसत्या उठाठेवीचं हसूच आलं होतं. तिचा सगळा जीव बाहेरच्या रांगेत आ वासून उभ्या असलेल्या नवऱ्यात.

काही दिवसांनी प्रेमिला सायकलीवरून आली आणि जागेश्वरला बोलावून घेऊन गेली. तो परतला तसं सुशिलाबाईनं विचारलं.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

आणि त्याच दिवशी त्यानं खर्ऱ्याची पुडी उकिरड्यावर फेकली. सासऱ्याच्या मौतीतही ज्यानं खर्रा सोडला नव्हता, त्यानं! पुन्हा हात लावला नाही. यावरून काय समजायचं ते बाईमाणसाला सांगावं लागत नाही.

तिनं परत विचारलं नाही. विचारलं की खरं होतं, अशी तिची समजूत. रोज देवापुढं मात्र ती एकच मागणं मागायची. माझं काहीही घे बाबा, पण या माणसाला ठेव.

जागेश्वरचं वागणंही बदललं. जन्मात कधी आपल्या हातानं पाण्याचा गिलास घेतला नाही त्यानं, पण आता बोअरिंगवरून पाण्याचा गुंड भरून आणायला लागला.

"तू बस वो. मी आणतो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे, त्यायचं काय जाते?"

गोंदियाला बस्त्याला गेले तर त्यानं आधी तिच्यासाठी लुगडं निवडलं, दुकानातलं सगळ्यात भारी. ती म्हणाली, "पोरीचं पाहा ना आधी." तो म्हणाला, "पोरीचं होईल. तू घे." सुशिलाबाईनं पदरात तोंड खुपसलं. जाणारा माणूस अशाच हौशी पुरवतो, तिनं पाहिलं होतं.

तिच्या घशाखाली घास उतरेना. ताटात भात उरायचा. पोलकी ढिली झाली, ओसरी झाडली तरी धाप लागायला लागली. काळजी माणसाला आतून पोखरते म्हणतात, ते काही खोटं नाही. जेवताना जागेश्वर तिच्या ताटाकडं बघत बसायचा.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही. खा अजून थोडं."

रुचीलाही चैन नव्हतं. "माय, बाबूजीले काय झालं? काऊन एवढी घाई?"

"काही नाही वो बाई. हौस आली त्यायले," असं म्हणून सुशिलाबाई गोठ्यामागं गेली आणि पोटभर रडून आली.

लग्नाच्या दिवशी मैदानात नुसता धुराळा. एका रांगेत नवऱ्या, एका रांगेत नवरे, भोंग्यावर मंगलाष्टका, वर रखरखतं ऊन. बिरसीचा उमेंद्र मुंडावळ्या सावरत उभा होता. कन्यादानाला जागेश्वर बसला. तो पोरीकडं कमी आणि बायकोकडंच जास्त पाहत होता. अक्षता पडल्या. दिसलं बाबा त्याला पोरीचं लग्न, सुशिलाबाईनं मनात हात जोडले.

मांडवाच्या कडेला समाजानं दवाखान्याचं टेबल मांडलं होतं. तिथं तीच शिबिरातली डॉक्टरीणबाई बसलेली दिसली आणि सुशिलाबाईचा धीर सुटला. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा आता तिला उचलवेना. पाहुण्यांना पाणी पाजायचं सोडून ती गर्दीतून वाट काढत निघाली.

"सुशिला! अवं, तिकडं कायले जातं?" मागून जागेश्वर ओरडला. ती थांबली नाही.

"डॉक्टरीणबाई, ओळखलं का? मी कामठ्याची, जागेश्वरची बायको." तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "पोरगी उजवली आता. आता नका लपवू. खरं सांगा, किती दिवस उरले त्यायचे?"

डॉक्टरीणबाईनं आधी धापा टाकत येणाऱ्या जागेश्वरकडं पाहिलं, मग उठून स्वतःची खुर्ची तिच्यापुढं सरकवली.

"बसा काकू. काका ठणठणीत आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "लग्न लागेपर्यंत तुमच्या तपासणीचं तुम्हाला काही कळू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं."