चाळीस जणींची फेरी

भर दुपारच्या उन्हात शेवंताबाई गेडाम माळावर पंचविसावी फेरी मारत होत्या. दोन्ही हातांत कोपरापर्यंत मनगटी पट्ट्या होत्या, मोहल्ल्यातल्या चाळीस बायकांच्या. जिल्ह्याचं यंत्र या पट्ट्यांवरून पावलं मोजायचं आणि जिथे लोक फिरायला येतात, तिथेच बागेला निधी द्यायचं. झाडाचं नाव नसलेल्या या माळावर तीन वर्षांत त्याला चिटपाखरू दिसलं नव्हतं. आज एकदम एवढी गर्दी दिसली, म्हणून नियोजन विभागाचे साहेब स्वतः बघायला आले.

"बाई, तुम्ही एकट्याच? बाकीच्या सगळ्या कुठे आहेत?"

"घरी हायेत. सावलीची वाट पाहून राहिल्या," शेवंताबाई म्हणाल्या आणि डोक्यावर पदर ओढून सव्विसाव्या फेरीला निघाल्या.