नुसतं नाव

कुसगावच्या घरातून शुभदा चीनमधल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी आणि पाश्चात्त्य शिष्टाचार शिकवीत असे. त्या दिवशी लंडनचे परीक्षक वर्गाला हजर होते आणि तिची नोकरी त्यांच्या अहवालावर अवलंबून होती. धडा अवघड होता: मोठ्या माणसालाही कोणतीही आदरार्थी जोड न देता, नुसत्या नावाने हाक मारायची. विद्यार्थी मात्र ‘टीचर’च्या पुढे सरकेनात.

“सासऱ्यांनासुद्धा नावाने?” लिनने घाबरत विचारले.

“सासऱ्यांनासुद्धा. तिकडे तो उद्धटपणा नसतो,” शुभदा म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा अमृत कप घेऊन आत आला. “चहा निवतोय गं! शिष्टाचार नंतर शिकव.”

परीक्षक हसले. “चला, यांनाच हाक मारून दाखवा. नाव ठाऊक आहे?”

“रोज ऐकतो की! टीचर सारख्या बोलावतात त्यांना,” लिन म्हणाली.



मग सगळ्या वर्गाने एका सुरात दिलेल्या ज्या हाकेने शुभदाची नोकरी वाचली, तीत परीक्षकांना आदरार्थी असे काहीही आढळले नाही: “गुड मॉर्निंग, अहो!”