लाइव्ह दर्शन

"एकच मिनिट, मामा!" वॉर्डबॉय ऐकेना, तसं मी स्ट्रेचरच धरून ठेवलं. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. काहीही होऊ शकतं, असं डॉक्टर कालच म्हणाले होते. आत जायच्या आधी तिला फक्त अंबाबाई बघायची होती.

मी फोनवर देवळातलं लाइव्ह दर्शन लावलं, तर आधी जाहिरातच सुरू झाली. कुठल्यातरी सराफाची. सिस्टर ओरडतील म्हणून आवाज बंद होता. पैठणी नेसलेली, गळाभर सोनं घातलेली एक बाई नुसती हसत होती आणि जाहिरात पुढं ढकलता येईना. माझं डोकंच फिरलं.

"सरक ना, भवाने!" मी स्क्रीनवर बोट आपटत होते.

"वैजू, देवीला असं बोलतात होय गं?" आई म्हणाली.

तिचा चष्मा सिस्टरनी मघाशीच काढून माझ्याकडं दिला होता. चष्म्याशिवाय तिला हातभर लांबचंही धड दिसत नाही. तिनं सलाईनच्या सुईसकट हात जोडले.

"केवढी सजवलीय आज! आता मला भ्या नाही."

"झालं का दर्शन?" मामा वैतागले.

मी फोन तसाच तिच्यापुढं धरून ठेवला. आईच म्हणाली, "झालं. चला."

दार लागलं, मग जाहिरात संपली. खरी अंबाबाई आली. मी फोनची स्क्रीन आत वळवून तो दाराच्या काचेला लावला आणि तिला म्हणाले, "आत्ताच आत नेलंय तिला. जा ना तिच्यामागं. पळ!"