दुसरी बॅटरी

चहावरचं झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली. वृषाली कप घेऊन अंगणात आली. फौजेतून कायमचा घरी आलेला नवरा लिलावातल्या जुन्या लष्करी ट्रकला दुसरी बॅटरी जोडत होता. मूळ वायरिंगला हात न लावता नवी वायर थेट हौद्यात नेली होती. ट्रक बंद असला तरी तिथला पंखा चालणार होता. “अवं, मंचरला कांदा न्यायला पंखा कशाला? कांद्याला घाम येतो व्हय?” “मुक्कामाला लागंल.” “तासाभरावर तर मंचर, मुक्काम कसला?” त्यानं वायरीचा पेच आवळला. महिनाभर घरात पाव्हण्यासारखा अवघडून बसणारा माणूस इथं शीळ घालत होता. हसावं की घाबरावं, तिला कळेना. त्यानं बटण दाबलं. हौद्यातल्या एकट्यापुरत्या फळीवर, घरातून हरवलेल्या उशीवर वारा आला. चिमुरडी लेक चढून आडवी झाली. “आई, आपण दोघींनी कुठं झोपायचं गं?”