डब्याची बचत

हॉटेलाच्या पायरीशी वसंता थांबला.

"पैसे काहून उडवतं? घरी जाऊन जेवू."

"आज नाही," अंजना म्हणाली. "आज तुमची नोकरी पक्की झाली."

सकाळी तिनं मुद्दामच डबा दिला नव्हता. दुपारच्या सुट्टीत लग्नातलं लुगडं नेसून ती स्वतः बालाघाटच्या कचेरीवर आली होती. पदराच्या गाठीत पैसे होते.

वसंता तिथं कारकून. नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो इतर बाबूंसोबत याच हॉटेलात जेवायला गेला होता. त्या संध्याकाळी घरी आला तो गप्प गप्पच. अंथरुणावर पडल्यावर म्हणाला, "हॉटेलात लय पैसे जातात. उद्यापासून डबा देत जा."

तेव्हापासून अंजना पहाटेच चूल पेटवायची. भात, लाखोरीचं वरण, कधी अंबाडीची भाजी. वाचलेल्या पैशांत सायकल आली, शिलाई मशीन आलं. शेजारच्या शेवंताबाईचा नवरा अर्धा पगार समोसे-जिलेबीत घालवायचा. अंजना तिला ऐटीत सांगायची, "आमच्या ह्यायची जीभच हॉटेलाची नाही, बाई."

वसंता कचेरीमागच्या आंब्याखाली एकटाच जेवतो, असं चपराशानं एकदा तिला सांगितलं होतं. बाकीचे बाबू खर्चात पाडतील म्हणून लांब बसत असेल, असं तिला वाटलं. त्या रात्री तिनं त्याला तूप जरा जास्तच वाढलं.

पण काटकसरीलाही काही सीमा असते. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, मॅट्रिक झालेला नवरा, आता पक्की सरकारी नोकरी. अशा माणसानं बायकोसोबत एकदा खुर्चीवर बसून जेवू नये?

"मी जातो बा आत," म्हणत ती पुढं झाली. वसंताला मागोमाग जावंच लागलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पलीकडच्या टेबलावरच्या दोन बाबूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि ताटात मान घातली.

हॉटेलवाला म्हातारा होता, बोलायला मऊ. वसंताला ओळखून त्यानं हात जोडले.

"बाबूजी, बहुत साल बाद आए. आप बाहर बैठिए ना. आपकी थाली और कप वहीं खिड़की में अलग रखे हैं. बाईजी के लिए भी निकलवा देता हूँ."

वसंतानं मान वर केली नाही.

अंजना उठली. "चला," एवढंच म्हणाली.

पदराची गाठ न सोडताच ती त्याला घेऊन रस्त्यावर आली. एवढी वर्षं तिच्या डब्यानं काय वाचत होतं, ते तिला आज कळलं होतं.