हसण्याचा व्यायाम

नगरच्या कोर्टात तेहतीस वर्षं पुकारा देऊन भास्कर साळवे निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांचं बीपी वाढलं. "गोळ्या घ्याच, पण जोडीला बागेतल्या हास्यक्लबात जा," डॉक्टर म्हणाले. अठ्ठ्याण्णव साली शहरात ही नवीच टूम निघाली होती.

साळवे पंधरा दिवस इमानेइतबारे गेले. बाकीचे पोट धरून हसायचे. यांना साहेबासमोर गंभीर उभं राहायची सवय, ओठ काही केल्या हलेनात. सोळाव्या दिवशी क्लबवाले मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "साळवे, रडताय का?"

ते तरातरा घरी आले आणि बूट कोपऱ्यात भिरकावले. "उद्यापासून मी जायचो न्हाई."

"पण तिथं करायचं तरी काय असतं हो?" बायकोनं, जयमालाबाईंनी विचारलं.

वैतागलेल्या साळव्यांनी दोन्ही हात वर केले आणि पुकारा द्यावा तशा खणखणीत आवाजात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "हो हो, हा हा हा."

जयमालाबाई भिंतीला टेकून हसत सुटल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अजून एकदा करा ना." लेक सासरी गेल्यापासून घरात हे हसणं ऐकू आलं नव्हतं. साळव्यांनी पुन्हा केलं. मग रोजच करू लागले.

दोन महिन्यांनी दोघं तपासणीला गेली. जयमालाबाईंची बीपीची गोळी तर नवऱ्याच्याही आधीपासूनची.

 

"साळवे, तुमचं बीपी आहे तिथंच आहे. बाईंचं मात्र छान उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "त्या कोणता व्यायाम करतात?"