नवे जिन्नस
वलगावच्या मास्तरांनी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचून दाखवली, तेव्हा कुठे मैनाबाईचं समाधान झालं. मजकूर दोनच ओळींचा होता. नागपूरच्या अजबखान्यात नवे जिन्नस मांडले आहेत, सवडीने पाहून जावे. खाली सही होती, गोवर्धन भगवंतराव, कारकून.

फाल्गुनापासूनची ही चौथी चिठ्ठी. त्याआधी मैनाबाई एकदाच, गावच्या बायकांबरोबर तिथे गेली होती. बाकीच्या बायका एका भेटीत तृप्त झाल्या. मैनाबाईला मात्र नादच लागला.

तिचा भाऊ जानराव मनाचा मोठा होता. अमेरिकेतल्या लढाईच्या दिवसांत कापसाला सोन्यासारखा भाव आला, त्यात त्याने विहीर बांधली, बैलांची नवी दमणी केली, आणि विधवा बहिणीला कधी काही कमी पडू दिलं नाही. तिच्या या वेडाचं त्याला हसू येई, पण त्याने तिला अडवलं नाही. या खेपेला तर त्याने आपल्या बायकोलाही सोबत धाडलं.

रुख्मिणी पहिल्यांदाच आगगाडीत बसत होती. बडनेऱ्याच्या फलाटावर कापसाच्या गाठी माणसाच्या वर रचलेल्या होत्या. गाडीने हिसका दिला तसा तिने नणंदेचा हात घट्ट धरला. मैनाबाई शांत होती. मांडीवरच्या गाठोड्यात पापडासारखे ज्वारीचे धापोडे होते, ते मोडू नयेत एवढीच तिला काळजी. बैलगाडीने जिथे आठ दिवस लागायचे तिथे आता एका दिवसात पोचतो, ज्यानं ही गाडी आणली त्याचं भलं होवो, असं ती दोनदा म्हणाली.

मागच्या खेपांना काय काय पाहिलं, असं रुख्मिणीने वाटेत विचारलं. गंज होतं, लय होतं, एवढंच मैनाबाई म्हणाली. गावातही ती यापेक्षा जास्त काही सांगत नसे.

रात्री धर्मशाळेत राहून दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी अजबखान्यात पोचल्या. गोवर्धन दारापर्यंत सामोरा आला. पंचविशीचा, सडसडीत, बोलायला मऊ. त्याने मैनाबाईला मावशी म्हणून हाक मारली, गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, वहिनींचा प्रवास नीट झाला ना ते विचारलं. मग एकेक कपाट दाखवू लागला. पेंढा भरलेला वाघ, गोंडांचे दागिने, जुनी नाणी, टसरचे कोश, समुद्रातले शंख. तो काचेकडे बोट दाखवून सांगे आणि मैनाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत ऐकत राही. कुठल्याही कपाटापुढून ती लवकर हलत नव्हती.

दोन तासांनी रुख्मिणीचे पाय दुखायला लागले. ती ओसरीवर येऊन टेकली. तिथे शालिकराम नावाचा म्हातारा शिपाई बसला होता. इतके नवे जिन्नस एका वेळी पाहायला मिळाले, आमचं नशीब, असं ती त्याला म्हणाली.

शालिकराम हसला. नवं काही नाही, तो म्हणाला. नवा माल गेल्या दिवाळीला आला, आता पुढचा या दिवाळीनंतर. दाराशी होता तो वाघ आता खिडकीशी आहे, आणि खिडकीतले शंख मधल्या कपाटात. चिठ्ठी टाकली की गोवर्धनराव स्वतः सगळं हलवतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

रुख्मिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. एक भोळी बाई घरदार सोडून येते, आणि हा तिला तेच ते दाखवतो. मैनाबाई पाणी प्यायला विहिरीकडे गेली, तेवढ्यात तिने गोवर्धनला गाठलं.

"माह्या नणंदेले फसवून काहून राहिले तुमी?"

त्याने नाकारलं नाही. वडील केव्हाच गेले, त्याने सांगितलं. गेल्या माघात आईही गेली. आता घरात वडीलधारं कोणी नाही.

"मावशी कारणाशिवाय यायच्या नाहीत," तो म्हणाला. "म्हणून मी कारण मांडून ठेवतो. त्यांना सांगू नका."

रुख्मिणीचा राग उतरला. एकटं पडलेलं पोर, त्याला थोरांची माया हवी, यात वाईट काय? उलट आपल्या नणंदेला कोणी इतकं मानतं याचंच तिला बरं वाटलं. निघताना गोवर्धनने मैनाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मैनाबाईने त्याच्या केसांवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

परतीच्या गाडीत रुख्मिणीने पुलगावपर्यंत दम धरला. पुढे तिला राहवलं नाही. बाई, राग मानू नका, असं म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. नवं काही नसतं, तो तेच जिन्नस इकडचे तिकडे करतो, तुम्ही यावं म्हणून. माघात आई गेल्यापासून त्याला कोणी नाही.

मैनाबाईने झटकन मान वळवली.

"त्याची माय गेली?"

रुख्मिणीने मान हलवली. मैनाबाई खिडकीबाहेर पाहू लागली. काळ्या रानात बोंडं नुकती उकलत होती. तिचे डोळे वाहायला लागले, तशी रुख्मिणी घाबरली. उगाच सांगितलं असं तिला झालं. पण मैनाबाईने मागे सुटलेल्या नागपुराकडे तोंड केलं आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"लय मोठ्या मनाची होती माउली," ती म्हणाली. "जाताना त्याले सांगून गेली."

"काय सांगून गेली?"

"बारा दिवसाचा होता तो, रुख्मिणी. म्याच टाकला होता तिच्या वटीत."